उदास अल्बम, दहा जण आणि दहा तऱ्हा: मिक्सिंगच्या खुर्चीतून एक उत्तर

तुझा प्रश्न वाचून हसू आलं, राग मानू नकोस. मी गेली बावीस वर्षं मिक्सिंग-मास्टरिंग करतोय, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज जुळवून गाणं रिलीजसाठी तयार करायचं काम, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम हे असलंच, एक आवाज एक गिटार आणि पोतंभर उदासी, त्यामुळे तू दिलेली यादी मी इतक्यांदा ऐकलीय की माणसं बदलतात पण वाक्यं तीच. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हिने नऊ गाण्यांचा अल्बम केलाय, सगळी स्वतः लिहिलेली, आवाज, अकूस्टिक गिटार आणि दोन ठिकाणी चेलो. रिलीजच्या आधी दहा ओळखीच्यांना पाठवला. एक मैत्रीण ढसाढसा रडली. एकाला तिसऱ्या गाण्यात झोप लागली. एक म्हणाला सगळी गाणी सारखीच वाटतात. एक म्हणाला फार डिप्रेसिंग आहे, अर्ध्यात बंद केलं. एकाने फक्त गिटारचं कौतुक केलं, बाकी चकार शब्द नाही. धाकटी बहीण म्हणाली सहावं गाणं कानाला टोचतं. आईने ऐकून लगेच फोन केला की तुला काही झालंय का, खरं सांग. उरलेल्या तिघांनी 'मस्त!!' पाठवलं. आता हिचा प्रश्न असा की यातलं कुणाचं खरं मानायचं, आणि परत मिक्स करायचं, ड्रम-बेस घालून नव्याने रेकॉर्ड करायचं की आहे तसं सोडून द्यायचं.

'मस्त'वाले तिघे आधी बाजूला काढ. त्यांनी बहुतेक ऐकलेलंच नाही. ऐकलं असेल तर पहिलं गाणं, तेही दुसरं काहीतरी करता करता. उरले सात, आणि त्या सातांत मला खरा रस आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. उदास अल्बमबद्दल लोक जे बोलतात ते बऱ्याचदा उदासीबद्दल नसतंच, ते जवळिकीबद्दल असतं. गाणारा माणूस आपल्या किती जवळ येऊन बसलाय, आणि तो तिथे बसलेला आपल्याला चालतंय का, भांडण सगळं इथलं आहे. 'डिप्रेसिंग' म्हणणारा आणि रडणारी मैत्रीण, दोघांनी ऐकलंय तेच. एकीने त्याला शेजारी बसू दिलं आणि दुसऱ्याने खुर्ची मागे सरकवली.

ही जवळीक काही अध्यात्म नाहीये, ती तयार केलेली असते, तूही नकळत केलीस. एका दिशेने ऐकणारा माइक तोंडापासून चार बोटांवर घेतला की आवाजातला खर्ज आपोआप फुगतो, याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. वर तू हळू गातेस, जवळजवळ कुजबुजत. मग कंप्रेसर लावला की मोठे आवाज दबतात, आणि लेव्हल परत वर घेतली की बारीक सारीक सगळं वर येतं, श्वास, ओठ उघडल्याचा आवाज, शब्द संपल्यावर घशात उरलेलं काहीतरी. रिव्हर्ब, म्हणजे वरून घातलेली खोलीची गुंज, जवळपास शून्य. आता कानाच्या बाजूने विचार कर. माणूस लांब असला की त्याच्या आवाजासोबत खोलीचा आवाजही येतो, भिंतीवरून परत आलेला, आणि तो नसला की मेंदू हिशोब करतो की माणूस अगदी इथे आहे. त्यात ऐकणाऱ्याने हेडफोन घातलेला असेल तर समोर सुद्धा नाही, थेट डोक्याच्या आत. रोजच्या आयुष्यात इतक्या जवळून इतक्या हळू आपल्याशी कोण बोलतं? फार थोडी माणसं, आणि बहुतेक वेळा काहीतरी गंभीर असतं तेव्हाच. म्हणजे शब्द कळायच्या आधीच शरीराने ठरवून टाकलेलं असतं की हे खासगी आहे. कुणाला ते हवंहवंसं वाटतं, कुणाला अनोळखी माणसाची डायरी हातात आल्यासारखं ओशाळं वाटतं, आणि हे दुसरे लोक मग सोपा शब्द वापरतात, डिप्रेसिंग.

हे मी हवेत बोलत नाहीये. काही वर्षांपूर्वी एका गायकाचं एकच गाणं, एकच टेक, मी दोन प्रकारे मिक्स केलं होतं कारण त्याचं ठरत नव्हतं. एकात आवाज कोरडा आणि पुढे, दुसऱ्यात आवाज साधारण दोन डीबी (डेसिबल) मागे आणि वर प्लेट रिव्हर्ब. सूर तेच, शब्द तेच, चुका सुद्धा त्याच. त्याने दोन्ही वेगवेगळ्या मित्रांना पाठवलं. पहिलं ऐकलेल्यांनी काळजीने फोन केले, दुसरं ऐकलेले म्हणाले किती शांत गाणं आहे रे, रात्री ऐकायला छान. मुठभर मित्र म्हणजे काही प्रयोग नव्हे, मान्य, पण तेव्हापासून कुणी 'फार दुःखी आहे' म्हणालं की मी शब्दांकडे नंतर बघतो, आवाज किती पुढे ठेवलाय ते आधी बघतो.

आता तुझ्या आईकडे येतो, कारण तिची तऱ्हा वेगळी आहे. तिने अल्बम ऐकलाच नाही, तिने तुला ऐकलं. गाण्यातला 'मी' म्हणजे तूच असं तिने धरलं, आणि आई आहे म्हटल्यावर तिने दुसरं काय धरावं. पण हे फक्त आया करतात असं नाही, सगळे करतात, फक्त त्यांना गाणाऱ्याची गोष्ट कुठून तरी कळलेली असावी लागते.

याचं माझं आवडतं उदाहरण निक ड्रेक. इंग्लंडचा गायक, जगला जेमतेम २६ वर्षं, १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, नैराश्यावरच्या गोळ्या जास्त झाल्याने. त्याचा तिसरा आणि हयातीतला शेवटचा अल्बम 'पिंक मून', फेब्रुवारी १९७२ चा. आधीचे दोन अल्बम चांगले सजवलेले होते, पहिल्यात व्हायोलिन-चेलोचा ताफा, दुसऱ्यात ड्रम, बेस, ब्रास सगळं. तिसऱ्यात त्याने सगळं काढून टाकलं. लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रीत रेकॉर्ड केला, रात्री उशिरा, कारण दिवसा स्टुडिओ बुक असायचा, सोबत फक्त इंजिनिअर जॉन वूड. आवाज, गिटार, आणि पहिल्या गाण्यात तेवढा मागून भरलेला थोडासा पियानो. अकरा गाणी, मिळून २८ मिनिटं. तो जिवंत असेपर्यंत विकला गेला तो जेमतेमच.

आता बघ हं. जो माणूस हा अल्बम त्याची गोष्ट वाचून मग ऐकतो त्याला प्रत्येक ओळीत मरण दिसतं, निरोपाची चिठ्ठी म्हणे. पण रेकॉर्डिंगनंतर तो तीन वर्षं जगला, १९७४ मध्ये परत स्टुडिओत जाऊन आणखी काही गाणी रेकॉर्ड केली. आणि अल्बमचं शेवटचं गाणं तर सरळ सरळ सकाळचं आहे, उजेडाचं, त्यातलीच ओळ त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलीय. पण गोष्ट आधी कळलेल्याला ती सकाळ ऐकूच येत नाही.

उलट बाजू अजून मजेशीर आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनने एका उघड्या टपाच्या गाडीची जाहिरात केली, चार तरुण मुलं रात्री चांदण्यात गाडी चालवतायत, पार्टीच्या दाराशी पोचतात, आत न जाता एकमेकांकडे बघतात आणि परत गाडी काढून निघून जातात. मागे 'पिंक मून'चं शीर्षकगीत. ज्यांना निक ड्रेक कोण हे अजिबात माहीत नव्हतं त्यांनी ते पहिल्यांदा असं ऐकलं, मोकळ्या रस्त्याचं, मित्रांचं, रात्री उगाच भटकायचं गाणं म्हणून. लोक रेकॉर्ड शोधत सुटले आणि त्याचं त्या देशातलं नाव गेल्यावर पंचवीस वर्षांनी झालं. काही जुने चाहते चिडले की हे काय, आमच्या दुःखाने गाड्या विकता? मला विचारशील तर त्या जाहिरातीत गाणं चुकीचं वापरलेलं मला कधी वाटलं नाही. टेप तीच होती. हातात देताना सोबत काय दिलं ते बदललं.

म्हणून पहिला सल्ला, तू दहा जणांना अल्बम पाठवताना सोबत जो मेसेज लिहिलास तो परत वाच. तू प्रश्नात लिहिलंयस की 'गेलं वर्ष फार वाईट गेलं त्यातून ही गाणी आली' असं तू सगळ्यांना कळवलं होतं. मग काय होणार, तू त्यांच्या हातात चष्मा आधीच दिलास. रिलीजच्या वेळी हे लिहिलंस तर सगळे हेच ऐकतील, आणि काहींना हेच हवं असतं, माझं त्याला ना नाही, पण मग 'डिप्रेसिंग' म्हटल्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

पुढची तऱ्हा, सगळी गाणी सारखीच. हा माणूस तुला आवडला नसणार पण माझ्या दृष्टीने यादीतला हा फार कामाचा माणूस आहे, कारण याचं म्हणणं मोजता येतं. एक कागद घे, नऊ गाणी खाली लिही, प्रत्येकापुढे लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवरचा तो चिमटा, कितव्या घरावर, पिकिंगचा पॅटर्न कुठला, आवाज सुरू व्हायच्या आधी गिटार किती सेकंद वाजते, आणि तुझा सगळ्यात वरचा सूर कुठला. माझ्याकडे एकजण आला होता, दहा गाणी, त्यातली सात ६८ ते ७४ बीपीएमच्या मधली, कॅपो सगळीकडे दुसऱ्यावर, आणि प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आठ मात्रा तीच पिकिंग. तो शपथेवर सांगत होता की प्रत्येक गाण्याचा विषय वेगळा आहे. असेल ना. ऐकणारा पहिल्या दहा सेकंदांत विषय ऐकत नाही, पोत ऐकतो. आम्ही काही रेकॉर्ड केलं नाही नवीन, एक गाणं काढलं, दोन गाण्यांची सुरुवातीची गिटार कापून थेट आवाजावर उघडलं, आणि क्रम बदलला, बास. पिंक मूनमध्ये सुद्धा पाचव्या जागी एक दीड मिनिटाच्या आतला तुकडा आहे, नुसती गिटार, गाणं नाहीच. तो तिथे नसता तर पुढचं गाणं इतकं उठलं नसतं असं मला नेहमी वाटतं. कानाला मधे कुठेतरी माणसाच्या आवाजापासून सुट्टी लागते, कितीही आवडता आवाज असला तरी.

झोप लागली त्याचं काय? त्याला आधी विचार की ऐकलं कशावर आणि कधी. मी चेष्टा करत नाहीये. अकूस्टिक गिटारची जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगला ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि तुझ्यासारखी ती ई वरून सी पर्यंत उतरवली की ६५ ला. (निक ड्रेकची पण हीच सवय, म्हणून त्याची एकच गिटार इतकी भरल्यासारखी वाटते.) फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून हे खालचं जवळपास काहीच येत नाही. मग उरतं काय तर तारांची टिकटिक आणि बारीक झालेला आवाज. शिवाय अगदी हळू आवाजात लावलं तर कानच खालच्या सुरांना कमी दाद देतो, हे १९३३ पासून मोजून ठेवलेलं आहे, फ्लेचर आणि मन्सनचे आलेख म्हणून. म्हणजे त्याने रात्री साडेअकराला उशीशेजारी फोन ठेवून हळू आवाजात ऐकलं असेल तर त्याने तुझा अल्बम नाही, त्याची सावली ऐकली. झोप लागणारच. आणि खरं सांगू का, काही लोकांना या संगीताकडून झोपच हवी असते आणि ते रोज रात्री लावतात, त्यांना हाकलू नकोस. पण मिक्स फोनवर तपासून घे. त्या जाड तारेचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर, थोडे उचलले, दीडशे ते अडीचशेच्या मधे आणि जरा वर, तर छोट्या स्पीकरवर पण खर्जाचा भास टिकतो. हलका सॅच्युरेशन (आवाजाला मुद्दाम दिलेला किंचित खरखरीतपणा) दिला तरी चालतो, अगदी हलका, नाहीतर गिटार तळलेली लागते.

फक्त गिटारवर बोलला तो माणूस. यावर माझ्याकडे पुरावा काही नाही, नुसता अनुभव, पण मला हे लोक फार ओळखीचे आहेत. बरेचदा त्यांनी सगळ्यात नीट ऐकलेलं असतं. शब्द लागलेले असतात आणि त्यावर बोलायचं नसतं, म्हणून मग गिटारचा टोन किती सुंदर आलाय, तारा कुठल्या वापरल्यास वगैरे. त्याला खोदून विचारू नकोस.

आणि रडलेली मैत्रीण. तिच्यामुळे तुला वाटतंय की अल्बम तयार आहे. तिचं रडणं खोटं नाही, पण त्यावरून मिक्सचे निर्णय घेऊ नकोस, कारण रडणं तिच्याकडचं पण असतं. ऐकणारा गाण्यात आपलं आपलं सामान घेऊन येतो. २०१४ मध्ये लिला तारुफी आणि स्टेफान कोल्श या संशोधकांनी ७७२ लोकांना विचारलं होतं की उदास संगीत ऐकून नेमकं काय वाटतं, तर सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर उदासी नव्हतंच, नॉस्टॅल्जिया होता, जुन्या दिवसांची ओढ. ज्यांना दुसऱ्याचं दुःख चटकन लागतं त्यांना असं संगीत जास्त भिडतं हेही बऱ्याच अभ्यासांत परत परत आलंय. म्हणजे तुझी मैत्रीण तुझ्या गाण्यावर रडली असेल, किंवा तुझ्या गाण्याने तिला जिथे नेऊन सोडलं तिथे रडली असेल. दुसरं असेल तर ते पण मोठंच काम आहे, फक्त त्यात तुझ्या चौथ्या गाण्यातल्या चेलोचा सूर किंचित खाली आहे हे ती तुला सांगणार नाही. (खाली आहे. मी ऐकला.)

याच्याच उलट एक जण असतो जो मुद्दाम अशा वेळी ऐकत नाही. ज्याचं स्वतःचं बरं चाललेलं नाही त्याला उदास गाणी आणखी खाली नेतात असा सरसकट समज आहे. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं, विशेषतः तेच तेच विचार घोळवत बसायची सवय असलेल्यांना. पण सगळ्यांच्या बाबतीत नाही, नैराश्य असलेली माणसं उदास संगीत निवडतात ते ते ऐकून शांत वाटतं म्हणून, असं २०२० मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तेव्हा तुझ्या त्या अर्ध्यात बंद करणाऱ्याने का बंद केलं हे तुला बाहेरून कळणार नाही. कदाचित अल्बम फार जवळ आला असेल, कदाचित त्या दिवशी त्याच्यात जागाच नसेल. सहा महिन्यांनी तोच माणूस स्वतःहून लिंक मागतो, असं मी दोनदा तरी पाहिलंय.

ड्रम आणि बेस घालण्याबद्दल. घालू नकोस असं मी म्हणणार नाही पण कारण बघ. दहांपैकी दोघांना जड गेलं म्हणून घालणार असशील तर नको. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर डेमो म्हणून केला होता, मग तीच गाणी बँडला घेऊन स्टुडिओत करून पाहिली, जमेना, शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून काढली. बँड वाईट होता म्हणून नाही. त्या गाण्यांना खोली रिकामी हवी होती. तुझ्या पहिल्या, दुसऱ्या आणि नवव्या गाण्याला तशीच रिकामी खोली हवीय. पाचव्याला मात्र बेस चालेल, तिथे तुझी गिटारच बेस वाजवायचा प्रयत्न करतेय आणि दमतेय.

त्यापेक्षा जवळिकीशी खेळ. नऊच्या नऊ गाण्यांत तू ऐकणाऱ्याच्या कानाशी बसलीयस, पस्तीस मिनिटं. जगातला कितीही प्रेमळ माणूस पस्तीस मिनिटं कानाशी कुजबुजला तर जीव गुदमरतो. तीन-चार गाण्यांत उठून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जा. माइकपासून हातभर लांब गायलेला टेक असेल तर तो वापर, नसेल तर प्री-डिले (आवाज आणि त्याची गुंज यांच्यामधला बारीक वेळ) अगदी कमी ठेवून रिव्हर्बची एखादी छोटी खोली घाल, आवाज मागे जातो. एखाद्या गाण्यात आवाज डबल करून बघ, तेच परत गाऊन, कॉपी-पेस्ट नाही. अमेरिकन गायक एलियट स्मिथ हे सारखं करायचा, कुजबुज तीच पण दोन थरांमुळे मधे एक पातळ पडदा येतो, माणूस जवळ असतो पण डोळ्यात डोळे घालून बघत नाही. मग जेव्हा नवव्या गाण्यात तू परत एकदम जवळ येशील तेव्हा ते जाणवेल, आत्ता जाणवत नाही कारण तू हललीच नाहीस.

आईला फोन करून सांग की ठीक आहे म्हणून. ती परत ऐकेल तेव्हा वेगळं ऐकेल, किंवा नाही ऐकणार, तो मिक्सचा प्रश्न नाही.

आणि राहिली बहीण. तिचं तू प्रश्नात एका ओळीत उरकलंस, 'तिला गाण्यातलं काही कळत नाही' म्हणून. सहाव्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात स आणि श जिथे जिथे येतात तिथे सात हजार हर्ट्झच्या आसपास खरंच सुरी चालतेय, मी हेडफोन काढून ठेवला दोनदा. तिथे डी-एसर (स-श चा टोचरेपणा दाबणारं साधन) लाव, नाहीतर सरळ हाताने ती अक्षरं तीन-चार डीबी खाली ओढ, आठ-दहाच जागा आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे. सुरुवात तिथूनच कर.